वादी कबीरचा ळ

दुकानांच्या पाट्या आखणं हा माझा धंदा.
वादी कबीरच्या उतारावर, टायरवाल्याच्या माडीवर बसून
मी लोकांना चेहरे देते:
हलवेवाल्याला सोनेरी वाटी,
लाँड्रीला फेसाचा एक बुडबुडा,
बलुची न्हावी दुर्रखानला त्याच्याच मिशीचा आकडा.
अरबी उजवीकडून निघते, इंग्रजी डावीकडून,
एकमेकींच्या पायावर पाय न देता
दोघींना थांबवायचं असतं.
त्या मधल्या जागेचेच मी बैसे घेते.

आणि स्वतःचं कार्ड छापायचं तर
आठ दिवस कागद कोरा.

आधी शिडाचं जहाज काढलं.
ते तर प्रत्येक हॉटेलच्या रुमालावर असतं.
मग खजुराशेजारी माड उभा केला.
दोघे लग्नाच्या फोटोतल्या
अवघडलेल्या व्याह्यांसारखे दिसले.
खंजीराच्या म्यानावर पैठणीचा मोर बसवला,
मोर बिचारा कमरेला लटकून राहिला.
खोडला.

फोटोच लावावा म्हटलं. ड्रॉवरमध्ये दोन निघाले,
व्हिसाचा निळ्या पडद्यापुढचा, पासपोर्टचा पांढऱ्या.
कुडता तोच, दुपार तीच,
रुवीच्या स्टुडिओत मागचं कापड तेवढं बदललेलं.
तेवढ्यावर दोन सरकारांची खात्री पटते.
माझी पटेना.

आडनाव हळदणकर.
बाबांच्या कार्डावर अरबीत त्याचं हलदंकर झालं,
बंदरावरचा फोरमन म्हणे हलदान, इंजिनिअर म्हणे हॅल.
बाबा सगळ्यांना ओ द्यायचे.
घरी मात्र माझ्या तोंडून ल निघाला
की त्यांचा घास हातात थांबायचा:
'जीभ मागे ने. अजून. हां, तिथं.'

आमच्या जिन्यात ळ नीट म्हणणारी एकटीच,
समोरची कोमळवल्ली टीचर, पालक्काडची.
तिच्या नावातच तो होता.
'हळदणकर, किल्ली इकडे आहे' एवढं मराठी
तिला कुणी शिकवलं ठाऊक नाही,
पण बरीच वर्षं मला वाटे
ती आमच्याच गावची.

तळमजल्यावर बी झुवेना.
जन्म झांझिबारचा, नमाज अरबीत, रागावणं स्वाहिलीत.
तिनं एकदा विचारलं, तुमच्या नावाचा अर्थ काय?
मला सांगता येईना.
धावत वर गेले, मिसळणाच्या डब्यातून चिमूट आणली
आणि तिच्या तळहातावर ठेवली.
'मंजानो!' ती हसली, वास घेतला,
आणि हात दाराच्या चौकटीला पुसला.
त्या दिवसापासून मी बिंती मंजानो.
तिची पिवळी बोटं चौकटीवर तशीच राहिली,
येताजाता मी त्यांवर माझी ठेवून बघायची.
आधी पुरायची नाहीत. मग पुरली.

काल रात्री, अरबीसाठी छाटलेल्या बोरूनं,
नुसता ळ काढला.
शब्दाच्या सुरुवातीला ज्याला कुणी उभं करत नाही,
आधी कुणीतरी असावं लागतं, मगच हा येतो.
डावं वेटोळं जड झालं, उजवं जरा कललं.
पुसलं नाही.

सकाळी दुर्रखानला दाखवला.
त्यानं मान तिरकी केली:
'ही तर माझी मिशी आहे.
दोनदा विकतेस?'

कोमळवल्ली टीचर आता पालक्काडला असते.
तिला फोनवर चित्र पाठवलं.
उत्तरात आवाज आला, तेवढंच अक्षर, एकदा, सावकाश,
मागे मिक्सर चालू.
मी तो जेवताना ऐकला. परत ऐकला.

छापखान्यात शफीकुलनं रंगांचा पंखा उघडला.
'आपा, पिवळे बासष्ट आहेत. कुठला?'
मी एकेक पान उलटत गेले.
लिंबू, केशर, उन्हातली वाळू,
शाळेची बस.
यातला नाही, म्हटलं. नमुना आणते.

बाहेर आल्यावर आठवलं,
बी झुवेना गेल्यावर मालकानं
सगळ्या चौकटी पांढऱ्या करून घेतल्या.